तिरंग्याचा वास

2020 च्या उन्हाळ्यात संगमनेर-अकोले तालुक्यांतल्या टोमॅटोवर रोग आला आणि शेतकऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘तिरंगा’. फळ एकसारखं लाल होईना. त्यावर पिवळे, हिरवट, पांढुरके पट्टे. टाळेबंदीत असा माल घ्यायचा कुणी? त्यात हा विषाणू माणसालाही बाधतो अशी अफवा उठली. ती साफ खोटी होती.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, त्यांत कुकुंबर मोझॅक व्हायरस सापडला. हे घराणं जुनं. 1916 मध्ये अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर यांनी काकडीवर त्याची नोंद केली. आज तो हजारावर जातींच्या वनस्पतींवर आढळतो. त्याची ने-आण करतो मावा.

नाव रंगावरून पडलं, पण या रोगाच्या पसाऱ्याची किल्ली मला वासात दिसते. संशोधक केरी मॉक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये भोपळवर्गीय रोपांवर ते दाखवून दिलं. रोगट रोप निरोगी रोपासारखंच, पण जास्त दरवळतं. मावा धावतो, सोंड खुपसतो आणि रस बेचव लागताच उठून जातो. विषाणूला हेच हवं असतं! तो सोंडेच्या टोकाला काही क्षणांत चिकटतो आणि तितक्याच लवकर पुसलाही जातो, म्हणून मावा ताबडतोब शेजारच्या रोपावर गेलेला बरा. टोमॅटोभोवती मक्याच्या दाट ओळी लावायला सांगतात ते यासाठीच: बाहेरून आलेला मावा आधी मक्याला टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच सोडतो. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये टोमॅटोच्या वासातही बदल दिसला. रोगट झाडाच्या वासाकडे भुंगमाश्या जास्त वळल्या.

माणसाच्या अंगालाही विषाणू असाच वास लावतो. डेंगू आणि झिका झालेल्या उंदरांच्या कातडीत जंतूंना आवर घालणारं एक प्रथिन घटतं, तिथे बॅसिलस जीवाणू माजतात आणि ॲसिटोफिनोन नावाचं वासाचं द्रव्य वाढतं. डेंगूच्या रुग्णांच्या काखेतून घेतलेल्या वासातही ते जास्त मिळालं. हे रोग पसरवणाऱ्या एडिस डासाला ते ओढून आणतं. ‘सेल’ या नियतकालिकात 2022 मध्ये हे संशोधन आलं.

आपण मच्छरदाणी लावतो ती रात्री, आणि घरातल्या निरोग्यांना डास चावू नये म्हणून. एडिस चावतो दिवसा. डेंगूच्या तापाने फणफणलेल्या माणसाचं अंथरूण भर दुपारीही मच्छरदाणीत हवं, कारण त्याला चावलेला डासच पुढे शेजारच्या घरात विषाणू नेतो.