रंग न सांडणारी चित्रखेळणी

रंग न सांडणारी चित्रखेळणी : हात, कपडे, भिंत न माखता लहान मुलांना रेघोट्या मारता याव्यात म्हणून केलेली खेळणी. पाण्याने रंगणारी पुस्तके व चटया, चुंबकी पाटी, मेणाची जादूची पाटी आणि बटण दाबताच कोरी होणारी एलसीडी पाटी हे त्यांचे महाराष्ट्रात सर्रास मिळणारे प्रकार. दुकानात ती रंगपेट्यांच्या खणात दिसतात. कुळाने मात्र ती पाटीचीच.

पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ही या खेळण्यांची पणजी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीचा भुगा पसरायचा, बोटाने नाहीतर टोकदार काडीने अक्षर काढायचे, फळी हलवली की पुन्हा कोरी. कागद दुर्मीळ असताना चूक फुकटात पुसता येणे ही मोठीच सोय होती. पुढे दगडी पाटी आली. ओल्या फडक्याने, आणि फडके नसेल तेव्हा थुंकी लावून मनगटाने, ती पुसली जाई. पेन्सिलीचा तुकडा निम्मा पाटीवर आणि निम्मा मुलाच्या पोटात जाई. घरात राड नसली तरी ती दुसरीकडे होतीच : मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीपेन्सिल कारखान्यांतील कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडल्याची नोंद आहे.

आधुनिक प्रकारांत सर्वांत जुनी मेणाची पाटी. काळ्या मेणाच्या थरावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. काडीने दाबले की पडदा तिथे मेणाला चिकटतो आणि रेघ दिसते, पडदा उचलला की रेघ गेली. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडला हे खेळणे इतके आवडले, की 1925 मध्ये त्याने मानवी स्मृती समजावण्यासाठी त्यावर एक छोटा निबंधच लिहिला. पृष्ठभाग कोरा होतो, पण खालच्या मेणावर जुने ओरखडे राहतात, हे त्याने हेरले होते. फ्रान्सच्या आंद्रे कासान्यने शोधलेले एच-अ-स्केच हे खेळणे 1960 मध्ये अमेरिकेत विक्रीला आले. त्यात काचेच्या आतून चिकटलेली ॲल्युमिनियमची भुकटी दोन बटणांनी सरकणारी सुई खरवडते. चुंबकी पाटी जपानच्या पायलट कंपनीतील अभियंत्यांनी 1974 मध्ये तयार केली. तिच्या पडद्याआड मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे, त्यांत दाट पांढरा द्रव आणि चुंबकाकडे ओढले जाणारे काळे कण असतात. लेखणीच्या टोकाचा चुंबक कण वर आणतो, खालची सरकपट्टी त्यांना तळाशी खेचते.

पाण्याने रंगणाऱ्या पुस्तकाची करामत सर्वांत साधी. छापील रंगीत चित्रावर पांढऱ्या, सच्छिद्र पदार्थाचा थर दिलेला असतो. कोरडेपणी त्यातल्या बारीक पोकळ्यांत हवा असते, प्रकाश विखुरतो आणि थर पांढराफटक दिसतो. पोकळ्यांत पाणी शिरले की विखुरणे कमी होते आणि खालचा पोपट हिरवा होऊन वर येतो. पांढरा सदरा भिजला की आतले अंग दिसते, तसेच. पाणी उडून गेले की पान पूर्ववत. विदर्भात वैशाखात शेपटी रंगवून होईतो चोच पांढरी झालेली असते. पावसाळ्यात तेच पान बराच वेळ ओलसर राहते. ते मिटून ठेवल्यास बुरशी धरते, म्हणून उघडे वाळवावे.

एलसीडी पाटी हा आजचा खूप खपाचा प्रकार. अमेरिकेतील केंट डिस्प्लेज या कंपनीने बूगी बोर्ड या नावाने ती 2010 मध्ये आणली, आता चिनी बनावटीची पाटी आठवडी बाजारातही मिळते. दाबामुळे द्रव-स्फटिकांची मांडणी बदलते आणि तिथून प्रकाश परावर्तित होतो. रेघ काढायला वीज लागत नाही, फक्त पुसायला लागते. जोर दिला की रेघ जाड, हलका हात ठेवला की बारीक. बोटांना वळण लावायला हा गुण चांगला.

भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावात अशा खेळण्याची उपयुक्तता चटकन पटते. हे गाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमाग विणकामासाठी ओळखले जाते. याच रेशमाच्या, विदर्भातील करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे. खड्डामागावर ताणलेले सूत जमिनीपासून फारसे उंच नसते, म्हणजे रांगत्या-धावत्या पोराच्या नेमके हाताशी येते. कोशाच्या मधाळ रंगावर पडलेला पोस्टर कलरचा शिंतोडा लपत नाही. पण माग घरात असला तरी अंगण बाहेर आहे. सारवलेली जमीन, गेरू, चुना, रांगोळी आणि पाण्याचा तांब्या यांत मूल मनसोक्त माखू शकते, आणि त्याला दमडी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला चालवलेल्या बालवाड्यांत शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणसाहित्य मानले होते. कोरड्या भिंतीवर ओल्या कुंचल्याने पाणी फिरवणे हा पाण्याच्या पुस्तकाचाच खेळ, फक्त पान मोठे.

ही खेळणी ‘पेंटिंग’ म्हणून विकतात, ते पटण्याजोगे नाही. पाण्याच्या पुस्तकात रंग मुलाने निवडलेला नसतो. काहीही केले तरी पोपट हिरवाच होतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, जास्त पाणी घेतले की रंग ओघळतो, सगळे रंग कालवले की चिखल होतो, हे ज्ञान सांडल्याशिवाय येत नाही. त्यासाठी दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची असो वा दुसऱ्या कोणाची, साधी रंगपेटीच लागते. शिवाय पुसले गेलेले चित्र आजीला दाखवता येत नाही. प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, भाड्याच्या खोलीत किंवा मागाशेजारी ही खेळणी घ्यावीत. रंगपेटीच्या बदल्यात घेऊ नयेत.

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 हा 1 जानेवारी 2021 पासून लागू असून, 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बोटांनी लावायच्या रंगांसाठी आयएस 9873 या मानकात स्वतंत्र भाग आहे. चुंबकी लेखणीचे टोक सैल नाही ना, हे घेताना हाताने ओढून पाहावे. एलसीडी पाटीत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. तिचे झाकण स्क्रूने आवळलेले नसल्यास ती पाटी घेऊ नये. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजते. नुसती शंका आली तरी मुलाला उलटी न करवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.