पट्टा कोणाच्या नावे? वसाहतकाळातील तमिळ प्रदेश आणि भूमिहीनांचा प्रश्न

महसूल खात्यात काही काळ काढलेल्या माणसास एक गोष्ट लवकरच उमगते. जमिनीच्या दप्तरातील नोंद ही केवळ वस्तुस्थितीचे वर्णन नसते. पुष्कळदा तीच वस्तुस्थिती घडविते. ज्याचे नाव लागले तो मालक ठरतो. ज्याचे लागले नाही तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच शेतात राबूनही उपरा राहतो. वसाहतकाळातील तमिळ समाजाचा इतिहास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. त्याची चर्चा बहुधा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद, १९१६ साली स्थापन झालेला जस्टिस पक्ष आणि सरकारी नोकऱ्यांतील जातवार प्रतिनिधित्व यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु तिच्यात जमिनीचा प्रश्न मागे पडतो. त्या प्रश्नाचा थोडक्यात मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

'मिरासदार' हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. तमिळ प्रदेशात ज्या हक्कास 'काणियाट्ची' म्हणत, त्यालाच पुढे दप्तरात 'मिरासी' हे नाव रूढ झाले. मात्र शब्द एक असला तरी आशय सारखा नव्हता. आपल्या देशावरचा मिरासदार बहुधा स्वतः नांगर धरणारा कुणबी होता. मद्रासजवळच्या चेंगलपट्टू भागात आणि कावेरीच्या सुपीक खोऱ्यात मिरासी प्रामुख्याने ब्राह्मण व वेळ्ळाळ कुटुंबांकडे होती, आणि त्यांपैकी अनेकांचा नांगराशी संबंध नव्हता. भातशेतीचा सारा भार परैयर व पळ्ळर या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मजुरांवर होता. 'पण्णैयाळ' म्हणून ओळखला जाणारा गडी पिढीजात मालकाशी बांधलेला असे. तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीतही हीच रचना होती. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्याचा कारभार कंपनीकडे सोपविला, तेव्हा ती जशीच्या तशी कंपनीच्या हाती आली.

इंग्रजी राज्याने भूमिहीन वर्ग नव्याने निर्माण केला, असे पूर्वी सरसकट मानले जाई. धर्मा कुमार यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात हे मत साधार खोडून काढले. शेतमजूर जातींचा मोठा समूह इंग्रजांच्या आधीपासून होताच. मग नव्या राज्याने केले काय? त्याने जुनी विषमता कागदावर आणली आणि तिला कायद्याचे पाठबळ दिले.

रयतवारीची पद्धत अलेक्झांडर रीड व थॉमस मन्रो यांनी १७९२ नंतर बारामहाल भागात आकारास आणली. मन्रो १८२० ते १८२७ या काळात मद्रासचे गव्हर्नर असताना ती इलाख्यात स्थिरावली. मध्यस्थ जमीनदार नको, सरकारने थेट रयतेशी व्यवहार करावा, हे तिचे तत्त्व. कोरडवाहू प्रदेशात ते बऱ्याच अंशी लागू पडले. पण कावेरीकाठी 'रयत' कोणास म्हणावे? जो राबतो त्यास, की ज्याच्याकडे राबणारी माणसे आहेत त्यास? फ्रान्सिस एलिस या विद्वान अधिकाऱ्याने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या उत्तरांत मिरासी हक्काचे प्राचीनत्व हिरिरीने मांडले. मन्रो त्याविषयी साशंक होते. वाद पुष्कळ झाला, पण मिरासदाराच्या शेतातील मजुराचा त्यात काही हक्क असू शकेल, हा विचार त्याच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता. पट्टा मिरासदाराच्या नावे झाला. सारा वेळेवर येत होता आणि सरकारचे समाधान होते.

मजुरांच्या गुलामीची कल्पना सरकारला नव्हती असे नाही. १८१९ मध्ये मद्रासच्या महसूल मंडळाने कलेक्टरांकडून याविषयी अहवाल मागविले होते. १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मान्य करू नये असे ठरले, आणि पुढे भारतीय दंडसंहितेने तो गुन्हाच ठरविला. तथापि कायद्याने जे तोडले ते कर्जाच्या कागदाने पुन्हा जोडले. लग्नासाठी वा अडीअडचणीत घेतलेले थोडेसे पैसे फेडण्यास बाप आयुष्यभर राबे आणि उरलेले ऋण मुलाच्या वाट्यास येई.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट समुद्रापलीकडे जात होती. सिलोनचे कॉफीचे व नंतर चहाचे मळे, मलायातील रबर, मॉरिशस व नाताळमधील ऊस येथे तमिळ मजूर मोठ्या संख्येने गेले. १८६० साली नाताळला पोहोचलेले पहिले जहाज मद्रासहूनच निघाले होते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात तर गाव सोडण्यावाचून अनेकांना गत्यंतर नव्हते. तेथेही कंगाणी, म्हणजे मजूर जमविणारा मुकादम, आणि त्याच्या वहीतील कर्ज होतेच. तरी कोलारच्या सोन्याच्या खाणी, पलटणी व मळे यांनी एक गोष्ट साधली. गावाबाहेरही पोट भरता येते हे मजुरास कळले, आणि ते मालकासही कळले.

गावात राहिलेल्यांचे काय, याचे उत्तर १८९१ च्या सुमारास चेंगलपट्टूचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी शोधले. परैयरांच्या स्थितीविषयीची त्यांची टिपणी प्रशासकीय लेखनाचा उत्तम नमुना आहे. मजूर गरीब का, याचे उत्तर त्यांनी मजुरांच्या सवयींत न शोधता सरकारच्याच नियमांत शोधले. पडीक जमिनीसाठी कोणी दरखास्त दिली, तर पहिला अग्रहक्क मिरासदाराचा आणि त्यामागोमाग गावातील पट्टेदाराचा असे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा क्रम सर्वांत शेवटी. त्याहून बिकट बाब निवासजागेची होती. परैयरांच्या चेरीतील झोपडीखालच्या जमिनीवरही मिरासदार हक्क सांगत. मजुरीबद्दल तक्रार केली, मुलाला शाळेत घातले, की झोपडी सोडण्याची धमकी मिळे. म्हणून जमीन, निवासजागा आणि शिक्षण या तिन्ही बाबतींत सरकारने पाऊल उचलावे, असे त्यांनी सुचविले.

महसूल मंडळाचा प्रतिसाद थंड होता. तरीही १८९२ मध्ये मद्रास सरकारने अस्पृश्यांना पडीक जमिनी देण्याचे धोरण स्वीकारले. 'पंचमी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच त्या जमिनी. त्या काही वर्षे हस्तांतरित करता येऊ नयेत, आणि पुढेही केवळ त्याच वर्गातील व्यक्तीस देता याव्यात, अशा अटी नंतर ठरल्या. याच चेंगलपट्टू जिल्ह्यातले रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये 'परैयन' हे नियतकालिक काढले. पुढे गोलमेज परिषदेत ते डॉ. आंबेडकरांसमवेत बसले. टिपणीत ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांचा समाज आता स्वतः बोलू लागला होता.

परंतु अट कागदावर राहिली आणि पुष्कळशी जमीन इतरांच्या हाती गेली. ती परत मागणाऱ्यांवर १९९४ साली चेंगलपट्टू परिसरातील कारणै येथील आंदोलनात गोळीबार झाला व दोघांचा बळी गेला. निवासजागेची कथाही तशीच. तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जाळण्यात आले. शेतमजुरास त्याच्या झोपडीखालच्या जागेची मालकी देणारा तामिळनाडूचा कायदा आला १९७१ मध्ये. ट्रेमेनहीर यांची टिपणी आणि हा कायदा यांत जवळपास ऐंशी वर्षांचे अंतर आहे.

या ऐंशी वर्षांत माहितीचा अभाव कधीच नव्हता. दुखणे कोठे आहे ते एका कलेक्टरने नेमके दाखविले होते, आणि आदेशही निघाला होता. पण आदेशाची अंमलबजावणी ज्या गावदप्तरातून व्हावयाची, ते दप्तर ज्यांच्या नावे पट्टे होते त्यांच्याच प्रभावाखाली राहिले. आजही एखादी योजना 'पात्र खातेदारांसाठी' जाहीर होते, तेव्हा खाते नसलेल्या माणसाचा क्रम कितवा लागतो, हे अधिकाऱ्याने सही करण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.