आतड्याचा दाह आणि संप्रेरकाची कसोटी

रक्तमिश्रित अतिसार म्हटला की आपल्याकडे प्रथम आठवण होते ती दूषित पाण्याची व आमांशाची. परंतु कोणत्याही जंतूचा माग लागत नसता मोठ्या आतड्याचे अस्तर सुजावे, त्यास व्रण पडावेत आणि वर्षानुवर्षे दुखणे उलटत राहावे, असाही एक विकार आहे. त्यावरील संप्रेरक-चिकित्सेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

संप्रेरकाची कल्पनाच मुळी आतड्यातून निघाली. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले. तरीही तेथे अम्ल सोडताच स्वादुपिंड पाझरू लागले. संदेश रक्तातून गेला होता. पुढे १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णेस कॉर्टिसोन हे संप्रेरक टोचले आणि तिची सूज ओसरली. दाह शमविणारे हे द्रव्य आतड्यासही उपकारक ठरेल काय, हा प्रश्न ओघानेच आला. ट्रुलव्ह व विट्स यांनी २१० रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाला. कॉर्टिसोन घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४१ जणांचे दुखणे शमले, न घेतलेल्यांपैकी १६ जणांचे. मात्र दुखणे पुन्हा उलटू नये म्हणून ते अल्प मात्रेत चालू ठेवण्याचा उपयोग होत नाही, असे १९५९ साली दिसून आले.

येथे माणूस आधी आणि प्राणी मागाहून, असा उलटा क्रम घडला. समुद्रशेवाळातील कॅरॅजीननने गिनीपिगांच्या आतड्यात व्रण उत्पन्न करण्याची रीत १९६९ची. पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट मिसळून उंदरांत दाह निर्माण करण्याची १९९०ची. मग उंदीर हवेत कशाला? याचे उत्तर मुंबईतील डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्यात सापडते. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या वंशशुद्ध जातींवरून स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी व संप्रेरकांशी असलेला संबंध अभ्यासिला. कूळ एक, अन्न एक, वय एक. म्हणून एकेक कारण वेगळे काढता येते. रुग्णाच्या बाबतीत ते शक्य नसते.

तथापि रसायनाने झालेली इजा ते रसायन थांबविताच बहुधा भरून येऊ लागते. माणसाचे दुखणे तसे सरत नाही. उंदीर बरा झाला म्हणून रोगी बरा होईलच, असे म्हणता येत नाही. शिवाय प्राण्याच्या वेदनेचेही मोल आहे. आपल्या १९६०च्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली, ती याचसाठी.

आपल्या भागाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची. अमीबाजन्य आमांशाची लक्षणे या विकारासारखीच दिसतात. आणि त्यात हेच संप्रेरक दिले तर रोग भडकून प्राणावर बेतू शकते. म्हणून औषधाआधी शौचाची तपासणी झालीच पाहिजे.