गाळलेल्या नावाची कुळकथा

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदत असता, यंत्र सुरू होताच पडद्यावर उमटणाऱ्या यादीतून एके दिवशी विंडोजचे नाव नाहीसे व्हावे आणि धन्याने आपले सारे दस्तऐवज बुडाले असे समजून कपाळाला हात लावावा, हा प्रसंग अलीकडे वारंवार घडतो. वस्तुतः विंडोज जागच्या जागी शाबूत असते. यादी करणाऱ्याने त्याची दखल घेतलेली नसते, इतकेच.

ही यादी सर्वज्ञ कधीच नव्हती. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने हार्ड डिस्कचा स्वीकार केला, तेव्हा डिस्कच्या पहिल्या सेक्टरात अवघे ५१२ बाइट असत, आणि त्यांतले ६४ विभागांच्या तक्त्यास व २ खुणेस दिल्यावर यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीस उरत जेमतेम ४४६. एवढ्याशा जागेत साऱ्या डिस्कची झडती घेणे अशक्यच होते. पुढे लिनक्ससाठी आलेल्या लिलो या बूट-लोडरात (प्रणाली सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीत) यादी हातानेच लिहावी लागे, आणि कर्नल बदलून लिलो पुन्हा चालविण्यास विसरणाऱ्यावर यंत्र सुरूच न होण्याची आफत ओढवे. १९९५ मध्ये एरिक बोलीन यांनी हर्ड ही प्रणाली सुरू करण्याच्या खटपटीतून ग्रब नावाचा जो बूट-लोडर निर्माण केला, त्यास फाइलव्यवस्था स्वतः वाचता येई. मात्र शेजारी कोण नांदतो याची चौकशी कालांतराने ओएस-प्रोबर नामक निराळ्या कारकुनाकडे सोपविली गेली. हा प्रत्येक विभाग उघडतो, आणि बूट-फाइली ठेवण्याच्या ईएफआय विभागात मायक्रोसॉफ्टची बूट-फाइल सापडली की विंडोजची नोंद करतो.

मात्र अनोळखी विभाग असे परस्पर उघडणे घातक ठरू शकेल, या रास्त शंकेने २०२१ च्या ग्रब २.०६ मध्ये या कारकुनास मूळ नेमणुकीतूनच दूर ठेवण्यात आले. तशी ताकीद यादी नव्याने रचताना पडद्यावर येते खरी, पण ओळींच्या लोंढ्यात ती वाचतो कोण? उपाय असा, की ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ असे लिहावे (नकाराला नकार देऊन होकार साधण्याची ही तऱ्हा जुन्या कचेऱ्यांनाही शोभली असती), ओएस-प्रोबर मुळात बसविलेला आहे याची खातरजमा करावी आणि यादी पुन्हा रचावी. एक प्रणाली जुन्या बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआय पद्धतीने बसविली असेल, तर मात्र हा इलाज लागू पडत नाही. तेथे यंत्राच्या स्वतःच्या बूट-मेनूतूनच निवड करावी लागते.