जर्मनीतील ओ-पेअर

ओ-पेअर म्हणजे परदेशातील एखाद्या कुटुंबात राहून तेथील मुलांची देखभाल आणि हलकी घरकामे यांत मदत करणारी, त्याबदल्यात निवास, भोजन व हातखर्चाची ठरावीक रक्कम घेणारी आणि त्या मुदतीत त्या देशाची भाषा शिकणारी तरुण व्यक्ती. जर्मनीत ही व्यवस्था नोकरी मानली जात नाही. तिची गणना सांस्कृतिक देवाणघेवाणीत होते. भारतासह युरोपीय संघाबाहेरील अनेक देशांतील तरुण-तरुणी या मार्गाने सहा महिने ते एक वर्ष जर्मनीत राहतात. मुलग्यांनाही ही वाट मोकळी आहे. तथापि ओ-पेअरमध्ये मुलींचे प्रमाण बरेच अधिक असल्याने या लेखात स्त्रीलिंगी रूपे वापरली आहेत.

नाव आणि पूर्वपीठिका

‘ओ पेअर’ हा मूळ फ्रेंच शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा होतो. यजमान आणि पाहुणी यांच्यात मालक-नोकर असे नाते नसावे, ही अपेक्षा नावातच आहे. युरोपात याची मुळे जुनी आहेत. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागातील मुली शाळा संपल्यावर वर्षभर फ्रेंचभाषक भागातील कुटुंबात राहून भाषा आणि गृहव्यवस्था शिकत. जर्मनीतही मध्यमवर्गीय घरांतील मुलींना दुसऱ्या घरी अशाच हेतूने ठेवले जाई. अशा मुलीला ‘हाउसटोख्टर’, म्हणजे ‘घरची लेक’, म्हणत. लेक म्हणायचे आणि कामही करून घ्यायचे, ही दुहेरी भूमिका तेव्हापासून या व्यवस्थेला चिकटलेली आहे.

युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ-पेअरविषयक करार तयार केला. जर्मनीने त्यावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही. जर्मनीत हा विषय परदेशी नागरिकांच्या निवास व रोजगारासंबंधीच्या नियमांनी आणि तेथील केंद्रीय रोजगार संस्थेच्या सूचनांनी चालतो.

अटी व नियम

व्हिसासाठी अर्ज करताना उमेदवाराचे वय किमान १८ असावे व २७ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. जर्मन भाषेची प्राथमिक पातळी, म्हणजे ‘ए १’, आवश्यक असते. यजमान कुटुंबात किमान एक अल्पवयीन मूल असावे लागते आणि कुटुंबाशी उमेदवाराचे नातेसंबंध चालत नाहीत. घरात जर्मन ही मातृभाषा किंवा निदान रोजच्या बोलण्याची भाषा असली पाहिजे. ती मातृभाषा नसेल, तर ओ-पेअर ही यजमान आई-वडिलांच्या मूळ देशातील असता कामा नये. त्यामुळे म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या मराठी दांपत्याला मुलांना सांभाळण्यासाठी जळगावची मुलगी ओ-पेअर म्हणून नेता येत नाही. परदेशातील मराठी घरात मराठी मुलगी सर्वांत सुखी राहील, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे जर्मन शिकण्याचा हेतूच साधत नाही, हे या नियमामागचे कारण आहे.

काम दिवसाला जास्तीत जास्त सहा तास आणि आठवड्याला तीस तास. संध्याकाळी आई-वडील बाहेर गेलेले असताना झोपलेल्या मुलांजवळ थांबणे हेही याच तासांत मोजले जाते. आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या आणि महिन्यातून किमान एक रविवार मोकळा असावा लागतो. पूर्ण वर्षाच्या करारात चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. हातखर्चाची रक्कम महिन्याला किमान २८० युरो आहे आणि भाषावर्गासाठी कुटुंबाने दरमहा ७० युरो वेगळे द्यायचे असतात. आजारपण, अपघात व नुकसानभरपाई यांचा विमा कुटुंब उतरवते. प्रवासखर्च मात्र सामान्यतः ओ-पेअरचा स्वतःचा असतो. तिला कुटुंबाच्याच घरात खिडकी असलेली व थंडीत गरम करता येणारी किमान आठ चौरस मीटरची स्वतंत्र खोली द्यावी लागते. वृद्धांची वा रुग्णांची शुश्रूषा हे ओ-पेअरचे काम नाही.

दिनक्रम

दिवसाची सुरुवात मुलांना उठवणे, त्यांची न्याहारी आणि मधल्या सुट्टीचा डबा यांपासून होते. डब्यात बहुधा पाव, चीज, गाजर किंवा सफरचंदाच्या फोडी असतात. पोळी-भाजीचा डबा भरण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. लहान मुलांना ‘किटा’मध्ये, म्हणजे बालवाडीत, पोचवणे हे पुढचे काम. पाऊस किंवा बर्फ असला तरी मुले बाहेर खेळतात. त्यामुळे हवामानानुसार कपडे चढवणे आणि उतरवणे यातच पुष्कळ वेळ जातो. एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या जळगावच्या मुलीला मुलाच्या हातमोज्यांत पाचही बोटे योग्य जागी बसवणे हे कसबच शिकावे लागते.

मुले बाहेर असताना भाषावर्ग, स्वतःचा अभ्यास आणि मुलांच्या खोलीची आवराआवर, कपडे धुण्याचे यंत्र लावणे किंवा किरकोळ खरेदी अशी कामे होतात. घरी दूरध्वनी करण्यासाठीही हीच वेळ सोयीची. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. तेथील दुपारचे बारा म्हणजे धुळ्यात दुपारचे साडेचार किंवा साडेतीन. रात्री आठला मुले झोपल्यावर बोलू म्हटले तर हिवाळ्यात इकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

दुपारनंतर मुलांना आणणे, खेळाचे मैदान, पोहण्याचा वा संगीताचा वर्ग आणि गृहपाठ. रात्रीचे जेवण लवकर आणि बऱ्याच घरांत थंडच असते: पाव, लोणी, चीज, मांसाचे काप, काकडी. त्याला ‘आबेन्टब्रोट’, म्हणजे ‘संध्याकाळचा पाव’, असेच नाव आहे. शाकाहारी मुलीला अडचण भाजीची येत नाही. गरम अन्नाची येते. वांगी मिळतात, पण ती जांभळी व लांबट असतात. २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या हिरव्या भरीत-वांग्याची चव त्यांना नाही. तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजण्याऐवजी ती भट्टीयंत्रात भाजावी लागतात. कळण्याचे पीठ मात्र घरूनच न्यावे लागते.

घरोघरी काही शिस्ती समान आढळतात. कचरा कागद, जैविक, वेष्टने व उरलेला अशा वेगवेगळ्या डब्यांत टाकतात. रविवारी दुकाने बंद असतात आणि रात्री दहानंतर गोंगाट चालत नाही. थंडीतही दिवसातून काही वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलतात. ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटे उशीर झाला तरी आधी कळवणे अपेक्षित असते. ११ नोव्हेंबरच्या सुमारास मुलांबरोबर सेंट मार्टिनच्या कंदील-मिरवणुकीला जाणे आणि ५ डिसेंबरच्या रात्री निकोलाउससाठी दाराबाहेर बूट ठेवणे या प्रसंगांत ओ-पेअरला घरातील व्यक्तीसारखे सामील केले जाते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येते. घराची आठवण सर्वाधिक येते ती याच दिवसांत.

भाषा आणि संबोधन

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला जर्मनचा एक भाग इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो. जर्मनलाही पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. ‘मूल’ दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहे, ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ दोन्हींत पुल्लिंगी आहेत. एवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि मराठीतील स्त्रीलिंगी सुरी तेथे नपुंसकलिंगी होते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हीदेखील मराठी कानाला ओळखीची रचना. ‘तू’ आणि ‘आपण’ यांसारखा ‘डू’ व ‘झी’ हा भेद तेथेही पाळला जातो.

अडखळायला होते ते संबोधनात. यजमान आई-वडिलांना ओ-पेअर पहिल्या नावाने आणि ‘डू’ने हाक मारते. खानदेशात वडीलधाऱ्यांना दादा, भाऊ, ताई, वहिनी, काकू असे काहीतरी जोडल्याशिवाय हाक मारली जात नाही. पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला नुसत्या नावाने बोलावणे सुरुवातीला उद्धटपणाचे वाटते. उलट, एखादे काम जमणार नसेल तर ‘नाही’ असे सरळ सांगणे जर्मन घरात उद्धट मानले जात नाही. न सांगता ते काम ओढत राहिल्यास मात्र गैरसमज वाढतो. ज्यादा तासांची तक्रार महिनोन्‌महिने मनातच राहते, त्याला पुष्कळदा हा संकोच कारण असतो.

महाराष्ट्रातून जाताना

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अर्जदार मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. जर्मन शिकण्याची जुनी केंद्रे पुणे व मुंबई येथे आहेत: भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाणारी गोएथे इन्स्टिट्यूट आणि पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट. त्यामुळे खानदेशातील मुलीचा पहिला ‘परदेश’ बहुधा पुणे हाच असतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी केलेला करार कुशल मनुष्यबळासंबंधी आहे. ओ-पेअर व्यवस्थेशी त्याची गल्लत करू नये.

कुटुंबाशी गाठ संकेतस्थळांवरून थेट किंवा मध्यस्थ संस्थेमार्फत पडते. २००२पासून जर्मनीत अशा संस्थांना विशेष परवाना लागत नाही, साधी व्यवसाय-नोंदणी पुरते. गुणवत्ता-चिन्ह असलेल्या संस्था आहेत, परंतु ते चिन्ह घेणे ऐच्छिक आहे. जर्मन नियमांनुसार मध्यस्थाला ओ-पेअरकडून १५० युरोपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. ‘जर्मनीत नोकरी’ म्हणून लाखांच्या रकमा मागणाऱ्या जाहिराती या आकड्याशी ताडून पाहाव्यात.

सालदारीशी साम्य व भेद

दुसऱ्याच्या घरी वर्षभराच्या बोलीवर राहणे खानदेशाला नवे नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे वर्ष सुरू होते. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो आणि नवा सौदा ठरतो. रोख रक्कम, धान्य, कपडे आणि आगाऊ उचल असे त्याचे स्वरूप राहिले आहे. सालदाराला ‘घरचाच माणूस’ म्हणण्याची रीत आहे, पण घरच्या माणसाला कामाचे तास नसतात, हीच त्यातली मेख. पहाटेच्या चाऱ्यापासून रात्री बैल बांधेपर्यंत त्याचा दिवस मालकाचा असे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीस शहादा परिसरात (तेव्हा धुळे जिल्हा, १ जुलै १९९८पासून नंदुरबार) अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना यांनी शेतमजुरांचे आंदोलन उभारले. सालदारांचा मोबदला हा त्यातील एक प्रश्न होता. या चळवळीवर लिहिणाऱ्यांत मारिया मीस (१९३१–२०२३) या जर्मन समाजशास्त्रज्ञ होत्या. १९६०च्या दशकात त्या पुण्यात गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकवत होत्या. पुढे १९८६च्या ‘पॅट्रिआर्की अँड अ‍ॅक्युम्युलेशन ऑन अ वर्ल्ड स्केल’ या ग्रंथात त्यांनी घरकामाला ‘काम’ न मानण्याच्या वृत्तीची चिकित्सा केली. शहाद्याच्या सालदाराला आणि जर्मन स्वयंपाकघरातील परदेशी मुलीला तो प्रश्न सारखाच लागू पडतो.

भेदही तितकाच खरा आहे. ओ-पेअरवर उचलीचे कर्ज नसते, तिच्या खोलीचे मापसुद्धा नियमाने ठरलेले असते आणि पटले नाही तर सूचना देऊन ती कुटुंब बदलू शकते. परंतु नियम तास मोजतो म्हणून तिने स्वतः तास मोजू नयेत, असे नव्हे. तासांची वही ठेवणारी मुलगी कुटुंबाशी कमी प्रेमाने वागते, हा समज दोन्ही देशांत सारखाच चुकीचा आहे.

टीका

आठवड्याला तीस तास म्हणजे महिन्याला सुमारे १३० तास. २८० युरोंना भागले तर रोख मोबदला ताशी सव्वादोन युरोंच्याही आत येतो. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीतील किमान वेतन ताशी १२.८२ युरो झाले. ओ-पेअर नोकरीत मोडत नसल्याने तिला ते लागू नाही. निवास, भोजन, विमा व भाषाशिक्षण यांचे मूल्य मोठे आहे, हे समर्थकांचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र ते मूल्य खरोखर मिळते की नाही हे एका घराच्या चार भिंतींआड ठरते आणि तेथे तपासणीला सहसा कोणी येत नाही. व्हिसा कुटुंबाशी जोडलेला असल्याने तक्रार केली तर राहण्याचे ठिकाण आणि देशात राहण्याचा आधार दोन्ही एकदम जाण्याची भीती असते. स्वस्त घरकामगार मिळवण्यासाठी या व्यवस्थेचा वापर होतो, या टीकेनंतर नॉर्वेने मार्च २०२४मध्ये युरोपबाहेरील देशांसाठीची आपली ओ-पेअर योजना बंद केली. जर्मनीत ती चालू आहे.

मुदत संपल्यावर

जर्मनीत ओ-पेअर म्हणून एकदाच राहता येते. मुदत वर्षापलीकडे वाढत नाही. अनेक जणी या वर्षात भाषा पुढच्या पातळीवर नेऊन स्वयंसेवी सेवावर्ष, शुश्रूषा किंवा बालसंगोपन यांतील ‘आउसबिल्डुंग’ हे व्यवसायशिक्षण, अथवा विद्यापीठीय शिक्षण यांसाठी अर्ज करतात. त्यासाठी निवासाचा हेतू बदलून घ्यावा लागतो. तो अर्ज चालू परवान्याची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात द्यायचा असतो. कुटुंब सोडताना कामाचे स्वरूप व कालावधी नमूद केलेले लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुढील अर्जांना ते उपयोगी पडते.