काळोखाचा ठसा : औंध संस्थान आणि चित्रछपाईचा इतिहास

छायाचित्र म्हणजे समोरच्या वस्तूची हुबेहूब नोंद, की छायाचित्रकाराच्या मनातील आशयाला दिलेले रूप, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रंगला आणि १८९२ साली लंडनमध्ये ‘लिंक्ड रिंग’ या नावाने एकत्र आलेल्या छायाचित्रकारांनी दुसरा पक्ष उचलून धरला. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेडवार हे या मंडळाचे सभासद होते आणि ‘द मिस्टिक साइन’सारख्या त्यांच्या चित्रांची मांडणी नाटकातील प्रवेशासारखी योजून केलेली होती. काळोखाला नुसती प्रकाशाची उणीव न मानता अर्थाचे वाहन मानणाऱ्या या पंथाला गुळगुळीत, चकचकीत कागद पुरेसा वाटेना. म्हणून त्यातील अनेकांनी प्लॅटिनमचे क्षार, काजळी आणि डिंक यांच्या साहाय्याने चित्र उठवण्याच्या पद्धती जवळ केल्या.

यांपैकी डिंकाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. डिंकाच्या पाण्यात रंगद्रव्य आणि डायक्रोमेट हा नारिंगी क्षार मिसळून ते मिश्रण कागदावर पसरतात, वाळल्यावर त्यावर निगेटिव्ह ठेवून प्रकाश देतात आणि मग कागद पाण्यात सोडतात. जिथे प्रकाश पोहोचला तिथला डिंक घट्ट होऊन रंगाला धरून ठेवतो आणि उरलेला धुऊन जातो. धुताना ब्रश फिरवून सावली हलकी करता येते, दुसरा थर देऊन ती गडदही करता येते. त्यामुळे काळोख किती राखायचा, हा निर्णय यंत्राकडून पुन्हा हाताकडे येतो.

कलावंताच्या या रसायनाचे सख्खे भावंड छापखान्यात नांदत होते, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. छापखान्यासाठी चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तयार करताना जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर सरसासारख्या पदार्थात डायक्रोमेट मिसळून लेप देत, त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडत, घट्ट न झालेला लेप धुऊन काढत आणि उघडा पडलेला धातू आम्लासारख्या द्रावणाने झिजवत. फोटोतील करड्या छटा शाईने थेट छापता येत नाहीत, म्हणून मूळ चित्र बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून टिपून त्याचे लहानमोठे ठिपके करावे लागत. यालाच हाफटोन म्हणतात. हाफटोनमधील काळोख म्हणजे फुगत जाऊन एकमेकांना भिडलेले ठिपके. ही विद्या महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत दादासाहेब फाळके यांचे नाव ठळक आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी ब्लॉक करणे आणि रंगीत छपाई यांतच उमेदीची वर्षे घालवली आणि तिरंगी छपाईच्या शोधात १९०९ साली जर्मनी गाठली.

सातारा आणि सांगली या आजच्या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या औंध संस्थानात या विद्येला वेगळे वळण मिळाले. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि तिच्यासाठी चित्रे काढली. त्या काळी ठशांवरून रंगीत चित्र छापायचे, तर मूळ चित्र रंगीत काचांमधून तीनदा टिपून पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे करावे लागत आणि ते एकावर एक नेमके बसवावे लागत. तीन शाया एकत्र येऊनही खरा काळा रंग उतरत नसे, तपकिरी गढूळपणा उरत असे; म्हणून गडद छायेसाठी काळ्या शाईचा चौथा ठसा जोडण्याची रीत पडली. पौराणिक चित्रातील रात्र वाचकापर्यंत रात्र म्हणून पोहोचणे हे चित्रकाराइतकेच ठसा करणाऱ्याच्याही हाती होते.

बाळासाहेबांनी फोटोलाही त्याचे स्थान दिले. सूर्यनमस्कारांवरील त्यांच्या पुस्तकांत आसनाची अचूक ठेवण दाखवण्यासाठी छायाचित्रे वापरली गेली, तर महाकाव्यांसाठी त्यांनी कुंचलाच हाती धरला. शरीराची नोंद कॅमेऱ्याने आणि आशयाची मांडणी हाताने, अशी ही विभागणी होती. परंतु दोन्ही चित्रांना छापील कागदावर येण्यासाठी अखेर ठशाच्याच दारातून जावे लागे.

याच संस्थानात कुंडलजवळ १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून १९२० पासून ‘किर्लोस्कर’, १९३० पासून ‘स्त्री’ व १९३४ पासून ‘मनोहर’ ही मासिके निघू लागली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले होते आणि त्यांचे गुरू पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे लाहोरचा आपला स्टुडिओ सोडून १९१८ च्या सुमारास औंधात स्थायिक झाले होते. शंकररावांची टाकाने काढलेली व्यंगचित्रे रूढी आणि अंधश्रद्धा यांच्यावर प्रहार करीत. अशा रेघांच्या चित्राला जाळीची गरज नसते. त्यासाठी लाइन ब्लॉक पुरतो, तो हाफटोनपेक्षा स्वस्त पडतो आणि खरबरीत कागदावरही स्वच्छ उठतो. त्यात करड्या छटेला जागाच नसल्याने निखळ काळा आणि कोरा पांढरा यांचा सामना उभा राहतो. समाजातील अंधाराचे प्रतीक अल्प खर्चात खेडोपाडी नेण्याचे सामर्थ्य या साध्या ठशात होते.

लंडनच्या प्रदर्शनात काचेआड टांगलेला डिंकाचा एकुलता प्रिंट आणि किर्लोस्करवाडीच्या मासिकाचे पान यांत प्रतिष्ठेचे अंतर मोठे असले, तरी दोहोंनाही प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाने जन्म दिला आणि दोहोंनीही काळ्या रंगाला बोलते केले. म्हणून या भागातील चित्रकलेचा इतिहास केवळ मूळ चित्रांवरून लिहिला, तर तो अपुराच राहील. औंधच्या यमाई डोंगरावर १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयाने चित्रे आणि शिल्पे जपली. ठशांना मात्र असे घर क्वचितच लाभले, कारण ऑफसेट छपाई आल्यावर जस्ततांब्याचे ब्लॉक सर्वत्र धातूच्या भावाने भंगारात गेले. सातारा आणि सांगलीतील ज्या जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवर असे ब्लॉक, काचेच्या निगेटिव्ह किंवा छपाईच्या चाचणी प्रती अजून पडून असतील, त्यांच्या मालकांनी त्या मोडीत न काढता जवळच्या संग्रहालयाकडे किंवा ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.