बोंडाला 'विदेशी' कुणी केलं?

एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या काजूच्या बागेत शिरलात की आधी वास येतो. गोड आणि आंबूस. बी काढून घेतली जाते, बोंड झाडाखालीच पडून राहतं. बोंडाचं वजन बीच्या पाच ते दहा पट असतं, म्हणजे झाडानं दिलेल्यातला मोठा भाग आपण कुजू देतो. तेरेखोल नदी ओलांडली की त्याच बोंडाची फेणी होते. झाड तेच, जांभाही तोच. 'गोवेकरांना प्यायची आवड जास्त' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. फरक आहे तो कायद्यात.

सध्या जगभर 'क्राफ्ट' व्हिस्कीची हवा आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या कॉर्सेअर डिस्टिलरीनं क्विनोआची व्हिस्की काढली, तर कुणी ओट्स वापरतं, कुणी बाजरीसारखी भरडधान्यं. छोटी भट्टी, जवळचा माल, थोडी बाटल्यांची संख्या. हे सगळं वाचताना मला फेणीच आठवते. झाडावरून आपसूक पडलेली बोंडं गोळा करायची, दगडात कोरलेल्या डोणीत तुडवायची, रस दोन-तीन दिवस आपोआप आंबू द्यायचा (यीस्ट विकत आणायचं नाही) आणि मग भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचा तो हलका उर्राक. पुन्हा गाळली की फेणी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण गोव्यात माडाची फेणी त्याच्याही आधीची मानतात. म्हणजे नव्या फळाला जुनं तंत्र मिळालं.

गाळण्याचं तंत्र कोकणालाही होतं. आपल्याकडे माडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं परवान्याशिवाय माड छेदणं गुन्हा ठरवलं आणि झाडामागे कर बसवला. दारू गाळणं सरकारच्या मुठीत गेलं. 1892 च्या मोहा कायद्यानं तर ठाणे-कुलाब्यात झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचण्यावरच बंधन आणलं. फुलं वेचणं गुन्हा! घरगुती भट्टी मोडायची तर कच्चा मालच तोडा, असा तो साधा हिशेब होता.

गंमत म्हणजे 1878 मध्येच इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला आणि मुंबईची अबकारी पद्धत गोव्यातही शिरली. पण तो करार 1892 मध्ये संपला. आपल्याकडचा कायदा मात्र राहिला आणि त्यावर 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्यामागची कळकळ खोटी नव्हती. दारूनं मोडलेली घरं कोकणात कमी नाहीत आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बायकांनी मोजली आहे. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे असल्यामुळे या सगळ्याच्या बाहेर राहिला. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल झाली, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले. त्या दारूचा कच्चा माल होता उसाची मळी. कारखाने घाटावर होते, कोकणात नव्हते.

इकडे वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र (1981 पर्यंत वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच होतं) काजूच्या नव्या जाती काढत होतं. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, डोंगर उतारांवर काजू लागला. बोंडं वाढली ती अशी. बीला बाजार होता, बोंडाला कायद्यात जागा नव्हती. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ला काजूलाही पुढे मिळालं, पण ते बीसाठी.

एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं काजू बोंडं, मोहाफुलं वगैरेंच्या मद्याला 'देशी' ऐवजी 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचं ठरवलं. 'देशी' या शिक्क्यामुळे त्याला भाव नव्हता, हे त्यामागचं कारण. भारतातली बहुतेक स्वस्त व्हिस्की मळीच्या स्पिरिटपासून बनते, म्हणून युरोपीय संघ तिला व्हिस्की म्हणत नाही. आपण मात्र तिला खुशाल व्हिस्की म्हणतो आणि झाडाखाली पडलेलं बोंड 'विदेशी' ठरवतो.

परवाना, यंत्रं आणि उत्पादन शुल्क हे सगळं परवडणारा कोण, हा प्रश्न अजून आहेच. दोन-तीन एकर बाग असलेला शेतकरी एकटा ते करू शकणार नाही. त्याच्याकडे हंगामात आहेत ती रोज सकाळी पडलेली बोंडं, आणि ती संध्याकाळपर्यंत कुठेतरी पोचली पाहिजेत.